गल्ला भरला, पण शिल्लक किती?
‘ब्लेड रनर २०४९’ या चित्रपटाच्या यशापयशाचा घरगुती हिशेब

रविवारची बुद्धवंदना आटोपली होती. खीरदानाचे पातेले रिकामे झाले होते, लहान मुले अंगणात धावत होती आणि वस्तीतले चार-पाच तरुण विहाराच्या पायरीवर बसून वाद घालत होते. विषय होता एका इंग्रजी चित्रपटाचा. आदल्या रात्री त्यांनी तो मोबाईलवर पाहिला होता. नाव ‘ब्लेड रनर २०४९’.

‘‘अरे, जगभरात सत्तावीस कोटी डॉलरचा गल्ला झालाय. याला पडला म्हणणारे वेडे आहेत,’’ एक जण म्हणाला.

‘‘मी वाचलंय ना! पिक्चर सपाटून पडला होता. कंपनीला मोठा तोटा झाला,’’ दुसऱ्याने उत्तर दिले.

शेजारच्या ओट्यावर आबा बसले होते. आबांची सारी हयात एका चित्रपटगृहाच्या दारावर तिकिटे फाडण्यात गेली. कोणत्या खेळाला किती खुर्च्या रिकाम्या राहिल्या, हे त्यांना मालकाच्या आधी कळायचे. बराच वेळ ते ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘पोरांनो, मागच्या जयंतीला वर्गणी किती जमली?’’

‘‘एक लाख दहा हजार, आबा.’’

‘‘म्हणजे मंडळाकडे आज एक लाख दहा हजार आहेत?’’

पोरे हसली. ‘‘कुठले आबा! मंडप, साउंड, बॅनर, भोजनदान, मिरवणुकीची गाडी... उलट मंडपवाल्याचे चार हजार अजून द्यायचेत.’’

‘‘झालं तर मग,’’ आबा म्हणाले. ‘‘जमलं किती ते लोकांना सांगायला असतं. उरलं किती ते वहीला माहीत असतं. पिक्चरची वही उघडा, मग भांडा.’’

वाचकहो, आबांनी एका वाक्यात जे सांगितले, त्याचाच आज आपण जरा सविस्तर विचार करू. चित्रपट हा आपल्या घराघरांत शिरलेला विषय आहे. शंभर कोटी, पाचशे कोटी, हजार कोटी असे आकडे आपली मुले क्रिकेटच्या धावांसारखे तोंडपाठ म्हणतात. पण त्या आकड्यांचा अर्थ काय, हे त्यांना कोणी सांगत नाही. ‘ब्लेड रनर २०४९’ हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे.

पस्तीस वर्षांपूर्वीचे बीज

हा चित्रपट म्हणजे दुसरा भाग. पहिला ‘ब्लेड रनर’ जून १९८२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. फिलिप के. डिक या लेखकाच्या १९६८ सालच्या कादंबरीवर तो बेतलेला होता. लेखक बिचारा चित्रपट लागण्यापूर्वीच, मार्च १९८२ मध्ये वारला. दिग्दर्शक होते रिडले स्कॉट आणि नायक हॅरिसन फोर्ड. खर्च सुमारे तीन कोटी डॉलर. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

परंतु दोनच आठवडे आधी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ लागला होता आणि सारी अमेरिका त्या गोड परग्रहवासी बाळाच्या प्रेमात पडली होती. त्यापुढे पावसात भिजलेल्या काळोख्या शहराची ही उदास कथा कोण पाहणार? पहिल्या फेरीत अमेरिकेतील गल्ला खर्चाइतकासुद्धा झाला नाही. धंद्याच्या भाषेत चित्रपट पडला.

पण तो मेला नाही. व्हिडिओ कॅसेटचा जमाना आला आणि लोकांनी तो घरी बसून पाहिला, पुन्हा पाहिला. निर्मात्यांनी दडपण आणून त्यात घातलेले निवेदन आणि गोड शेवट काढून टाकलेली आवृत्ती १९९२ मध्ये आली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्याजोग्या चित्रपटांमध्ये त्याची निवड झाली. २००७ मध्ये दिग्दर्शकाच्या मनासारखी अखेरची आवृत्ती निघाली. ज्याला १९८२ साली लोकांनी नाकारले, तो पुढे चित्रपट शिकणाऱ्यांचा पाठ्यग्रंथ झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नावलौकिक मिळाला म्हणून गर्दी मिळतेच असे नाही. मोठे जाणकार ज्याला मान देतात, तो सामान्य प्रेक्षकाने पाहिलेलाही नसतो. ‘ब्लेड रनर’चे नाव मोठे होते, पण त्याचे चाहते संख्येने थोडे होते. पुढचा सारा घोटाळा येथूनच सुरू झाला.

दुसऱ्या भागाचा घाट

अल्कॉन एंटरटेन्मेंट या कंपनीने २०११ मध्ये पुढील भागांचे हक्क विकत घेतले. दिग्दर्शन कॅनडाच्या डेनी व्हिलनव यांच्याकडे गेले. रायन गॉसलिंग हा नवा नायक आणि जोडीला हॅरिसन फोर्ड पुन्हा जुन्या भूमिकेत. चित्रीकरण हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाले. प्रचंड देखावे उभारले गेले, शहराच्या लहान प्रतिकृती हाताने घडवल्या गेल्या. खर्च किती? वेगवेगळ्या वृत्तांत हा आकडा पंधरा कोटींपासून साडेअठरा कोटी डॉलरपर्यंत सांगितला गेला. २०१७ मध्ये डॉलर सुमारे ६५ रुपयांना होता. म्हणजे कमीत कमी आकडा धरला तरी हजार कोटी रुपयांच्या घरातला हा खटाटोप.

एवढा खर्च दुसऱ्या भागावर कधी करतात? पहिल्या भागाने तिजोरी भरली असेल तेव्हा. जेम्स कॅमेरून यांचा ‘टर्मिनेटर’ १९८४ मध्ये सुमारे चौसष्ट लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने जगभर त्याच्या दसपटीहून अधिक गल्ला केला. मग १९९१ मध्ये दुसऱ्या भागावर दहा कोटींच्या आसपास डॉलर ओतले गेले आणि जगभरातून सुमारे बावन्न कोटींचा गल्ला झाला. तेथे पाया मजबूत होता, वर मजला चढवला. ‘ब्लेड रनर’च्या बाबतीत पहिल्याच भागाचा धंदा कच्चा होता. कच्च्या भिंतीवर सात मजले चढवले गेले. आमच्या वाचकांत गवंडीकाम करणारे अनेक बांधव आहेत. त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

पहिल्या तीन दिवसांची परीक्षा

६ ऑक्टोबर २०१७ या दिवशी अमेरिकेत चार हजारांहून अधिक चित्रपटगृहांत हा चित्रपट लागला. समीक्षकांनी भरभरून स्तुती केली होती. धंद्यातील जाणत्यांचा अंदाज होता की, पहिल्या शुक्रवार ते रविवारात साडेचार ते पाच कोटी डॉलर जमतील. प्रत्यक्षात जमले सव्वातीन कोटींच्या आसपास. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस हा आकडा निम्म्याहून खाली, दीड कोटीच्या घरात आला.

असे का झाले? कारणे अनेक सांगितली गेली. चित्रपट २ तास ४३ मिनिटांचा. लांब चित्रपटाचे दिवसाला खेळ कमी बसतात, म्हणजे विकण्यासाठी खुर्च्याच कमी. शिवाय अमेरिकेत त्याला असे प्रमाणपत्र मिळाले होते की, सतरा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रवेश नाही. म्हणजे सुट्टीत टोळीने चित्रपट पाहणारी शाळकरी पोरे बाहेरच राहिली. आलेल्या प्रेक्षकांत पुरुष बहुसंख्य होते आणि तेही बहुतेक पंचविशी ओलांडलेले. जाहिरातीत कथा इतकी लपवून ठेवली होती की, पहिला भाग न पाहिलेल्या माणसाला हे काय प्रकरण आहे तेच कळत नव्हते. चीनसारख्या मोठ्या बाजारपेठेतही हाती लागले ते जेमतेम एक कोटी डॉलरच्या आसपास.

आता गंमत पाहा. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारले, तेव्हा बहुतेकांनी चित्रपट चांगला असल्याचाच कौल दिला. याचा अर्थ आलेली माणसे नाराज नव्हती. अडचण ही होती की, माणसे आलीच कमी. चित्रपट लोकांना आवडणे आणि चित्रपटाला लोक येणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आता वही उघडू

अमेरिका-कॅनडात एकूण जमले सुमारे ९.२ कोटी डॉलर. उर्वरित जगात त्याच्या जवळजवळ दुप्पट. सारे मिळून २६ ते २८ कोटी, मोजणाऱ्यागणिक थोडा फरक. आपण २७ कोटी धरू.

पंधरा कोटींचा माल, सत्तावीस कोटींची विक्री. वरवर पाहणारा म्हणेल, बारा कोटी नफा! येथेच आपली पोरे फसतात.

गल्ला म्हणजे तिकीट खिडकीवर जमलेला पैसा. तो निर्मात्याच्या खिशात सगळा जात नाही. चित्रपटगृहाचा मालक आपला वाटा ठेवतो; वीज, पगार, भाडे त्यालाही आहे. ठोकळ मानाने अमेरिकेत निम्मा पैसा निर्माता-वितरकाकडे येतो. परदेशांतून सुमारे चाळीस टक्के येतो. चीनमध्ये तर पंचवीस टक्क्यांच्या आसपासच. हे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, करारागणिक बदलते. पण घरगुती हिशेबाला पुरेसे आहे.

आता मांडणी करू. अमेरिकेतील ९.२ कोटींचे निम्मे म्हणजे ४.६ कोटी. बाहेरच्या १७.८ कोटींचे चाळीस टक्के धरले तर सुमारे ७.१ कोटी. बेरीज झाली ११.७ कोटी. म्हणजे सत्तावीस कोटींचा जो डांगोरा पिटला गेला, त्यातले बारा कोटीसुद्धा हाती आले नाहीत.

खर्चाच्या बाजूला निर्मितीचे किमान पंधरा कोटी. त्यात जाहिरात व वितरणाचा खर्च धरायचा. जगभर एवढा मोठा चित्रपट लावायचा म्हणजे दूरदर्शन वाहिन्या, फलक, वृत्तपत्रे सगळीकडे पैसा लागतो. हा खर्च निर्मितीच्या आकड्यात कधीच धरलेला नसतो. दहा कोटी डॉलर धरून चाला. म्हणजे एकूण पंचवीस कोटी.

पंचवीस कोटी गेले, पावणेबारा कोटी आले. तिकीट खिडकीपुरती तूट सव्वातेरा कोटींची.

पण वही येथेच मिटवायची नाही, कारण आणखी एक पान आहे. चित्रपटगृहातून उतरल्यावर चित्रपटाची दुसरी कमाई सुरू होते. घरी पाहण्याच्या चकत्या, दूरचित्रवाणीचे हक्क, मोबाईलवरचे हक्क. काही देशांची सरकारे आपल्याकडे चित्रीकरण करणाऱ्यांना खर्चाचा काही भाग परत देतात. हंगेरी त्यांपैकीच एक. ही सारी जमा धरली तर तूट बरीच भरून निघते. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील चित्रपट व्यवसायाच्या वृत्तपत्रांत अंदाज छापून आला तो असा की, अल्कॉन कंपनीला आठ कोटी डॉलरपर्यंत फटका बसू शकतो. आणि खर्च भरून येण्यासाठी जगभरातून चाळीस कोटींच्या आसपास गल्ला व्हायला हवा होता. आपण कागदावर मांडलेला हिशेबही त्याच दिशेला बोट दाखवतो.

तेव्हा निर्णय स्पष्ट आहे. तिकीट खिडकीवर ‘ब्लेड रनर २०४९’ पडला. सत्तावीस कोटी म्हणणारा आपला तरुण मित्र खोटे बोलत नव्हता. पण त्याने फक्त वर्गणीचा आकडा सांगितला, शिल्लक सांगितली नाही.

तोच दिग्दर्शक, दुसरी वही

एका उदाहरणावरून नियम बांधू नये. म्हणून त्याच डेनी व्हिलनव यांचा आणखी एक दुसरा भाग पाहू. तोही विज्ञानकथाच, तोही अफाट खर्चाचा. ‘ड्यून : भाग दोन’.

पहिला ‘ड्यून’ ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत आला. कोरोनाची भीती सरली नव्हती आणि तेथे त्याच दिवशी तो घरबसल्याही पाहता येत होता. तरीही जगभर सुमारे चाळीस कोटी डॉलरचा गल्ला झाला. घराघरांत लाखो लोकांनी तो पाहिला, म्हणजे पुढच्या भागासाठी प्रेक्षक आपोआप तयार झाला. दुसऱ्या भागावर १९ कोटी डॉलर खर्च झाले. तो २०२३ च्या अखेरीस यायचा होता. पण कलाकारांच्या संघटनेने संप पुकारला आणि प्रदर्शन मार्च २०२४ वर गेले. (संपाने धंदा बुडतो असे म्हणणाऱ्यांनी पुढचे आकडे जरूर वाचावेत.)

पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत आठ कोटी पंचवीस लाखांच्या आसपास. अमेरिका-कॅनडात एकूण सुमारे २८ कोटी, जगभरात सुमारे ७१ कोटी. आता तीच फूटपट्टी लावा. २८ चे निम्मे १४. बाहेरच्या ४३ चे चाळीस टक्के सुमारे १७. एकूण ३१ कोटी. खर्चाच्या बाजूला १९ अधिक जाहिरातीचे दहा-अकरा, म्हणजे तीस. तिकीट खिडकीवरच खर्च निघाला. पुढची सारी कमाई नफ्याची.

येथे एक बोधही मिळतो. ‘ब्लेड रनर २०४९’ फार लांब म्हणून पडला, असे खुद्द पहिल्या भागाचे दिग्दर्शक रिडले स्कॉट नंतर म्हणाले. पण ‘ड्यून’चा दुसरा भाग तर त्याहून तीन मिनिटांनी अधिक लांब होता! मग लांबी हेच एकमेव कारण कसे? फरक दुसरीकडे होता. ‘ड्यून’ला तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनाही प्रवेश होता, पहिला भाग लोकांच्या डोळ्यांसमोर ताजा होता आणि कथा अर्ध्यावर थांबलेली असल्याने पुढे काय होणार याची ओढ होती. एका कारणावर सारे खापर फोडणे सोपे असते. शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहिले की ते खापर आपोआप गळून पडते.

आणि पुरस्कार? ‘ब्लेड रनर २०४९’ला २०१८ मध्ये दोन ऑस्कर मिळाले, छायाचित्रणाचे आणि दृश्य करामतींचे. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांचे हे चौदावे नामांकन आणि पहिलाच विजय. ‘ड्यून’च्या दुसऱ्या भागालाही २०२५ मध्ये दोनच ऑस्कर मिळाले. मानसन्मान सारखाच, वही मात्र वेगळी.

रुपया तोच राहत नाही

आकड्यांत आणखी एक चकवा आहे. कोणीही उठतो आणि म्हणतो, ‘‘अमक्या चित्रपटाने सर्व विक्रम मोडले.’’ पण कोणत्या सालच्या पैशात? आबा दारावर उभे होते तेव्हा तिकीट काही रुपयांत मिळायचे. आज शहरातील मोठ्या चित्रपटगृहात चौघांच्या कुटुंबाला मध्यंतराच्या लाह्यांसह हजार रुपयेही पुरत नाहीत. कमी माणसांत मोठा गल्ला होतो तो असा.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२३ मध्ये लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रूपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रुपयाच्या मोलाचा विचार करताना त्यांचे लक्ष होते ते रुपया बाजारात काय विकत घेऊ शकतो यावर. नाण्यावरचा आकडा तोच राहतो, पण त्याची खरेदीशक्ती बदलते आणि त्याचा मार हातावर पोट असणाऱ्याला बसतो. ज्या महामानवाने आपल्याला अर्थशास्त्राची ही दृष्टी दिली, त्याच्या लेकरांनी नुसता कोटींचा आकडा ऐकून माना डोलवाव्यात काय?

चित्रपटाच्या यशाची खरी तुलना करायची तर तिकिटे किती विकली गेली, हे पाहिले पाहिजे. ते नसेल तर निदान खर्चाशी प्रमाण पाहावे. आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. खर्च सुमारे चार कोटी रुपये, गल्ला शंभर कोटींच्या वर. खर्चाच्या पंचवीस पट! हजार कोटींचा खटाटोप करून दुप्पटही न गाठणारा चित्रपट एकीकडे आणि चार कोटींत हे करून दाखवणारा दुसरीकडे. मोठेपणा कशाला म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

आकडा कोण सांगतो?

शेवटी प्रश्न उरतो विश्वासाचा. हे आकडे सांगतो कोण? पुष्कळदा निर्माताच. त्याला आपला माल खपवायचा असतो. ‘तीन दिवसांत दोनशे कोटी’ ही बातमी नसते, ती जाहिरात असते. रजनीकांत यांच्या ‘२.०’ या २०१८ सालच्या विज्ञानपटाचेच पाहा. तोही दुसरा भाग, २०१० च्या ‘एंदिरन’नंतरचा. त्याचा खर्च कोणी चारशे कोटी सांगतो, कोणी साडेपाचशे. गल्ल्याच्या आकड्यांतही शंभर-दीडशे कोटींचा फरक. एवढा फरक असेल तर नफा-तोट्याचा निकाल छातीठोकपणे कसा द्यायचा? अशा वेळी प्रामाणिक माणसाने ‘नक्की सांगता येत नाही’ एवढेच म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

तथागतांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना हेच सांगितले होते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखा. हा उपदेश केवळ वंदनेच्या वेळी ऐकायचा नाही. तो मोबाईलवर आलेल्या बातमीलाही लावायचा असतो.

दुसरी वही

आता या चित्रपटात आहे तरी काय, हे थोडक्यात सांगितल्याशिवाय राहवत नाही. भविष्यकाळात एक कंपनी माणसासारखी माणसे कारखान्यात घडवते. ती राबतात, झिजतात, पण त्यांना माणूस मानले जात नाही. नायक स्वतः असाच घडवलेला. पोलिसांत नोकरी करतो, तरी सहकारी त्याला हिणवतात, शेजारी जिन्यावर शिव्या देतात आणि घराच्या दारावर कोणीतरी अपशब्द लिहून ठेवतो. त्या समाजाची सारी घडी एकाच समजुतीवर उभी आहे : जन्मलेला तो श्रेष्ठ, घडवलेला तो हीन. मग एके दिवशी पुरावा सापडतो की, घडवलेल्या एका स्त्रीने मूल जन्माला घातले होते. झाले! सत्ताधाऱ्यांची झोप उडते. मधली भिंतच कोसळली तर राबणार कोण?

हे दृश्य पाहताना आपल्याला परके वाटेल काय? जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी भिंत आपण पुस्तकात नव्हे, पाणवठ्यावर पाहिली आहे. नायकाला मध्येच वाटू लागते की आपणच ते जन्मलेले मूल, आपण कोणी विशेष. पुढे कळते की तसे नाही. तरीही तो जे करतो, ते त्याला कोणाही जन्मलेल्यापेक्षा मोठे करते. माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखावा ही अडीच हजार वर्षांपूर्वीची शिकवण. लॉस एंजेलिसच्या काल्पनिक गल्लीत ती पुन्हा भेटते.

म्हणून आम्ही म्हणतो, वह्या दोन ठेवाव्यात. पहिली पैशाची. त्यात हा चित्रपट तोट्यात गेला, हे स्वच्छ लिहावे. आवडला म्हणून तोट्याला नफा म्हणू नये. दुसरी वही मोलाची. त्यात तो काय सांगतो, कोणाच्या बाजूने उभा राहतो हे लिहावे. एका वहीतला आकडा दुसरीत उतरवला की घोटाळा होतो. १९८२ चा ‘ब्लेड रनर’ पहिल्या वहीत नापास झाला होता आणि दुसऱ्या वहीने त्याला पस्तीस वर्षांनी पुन्हा उभे केले. व्हिलनव यांच्याही बाबतीत तसेच. २०१७ मध्ये पैसा बुडाला. पण काम पाहणाऱ्यांनी काम पाहिले होते आणि ‘ड्यून’ त्यांच्याच हाती राहिला.

पायरीवरचा तो दुसरा तरुण शेवटी आबांना म्हणाला, ‘‘म्हणजे आबा, पडलाच ना? मग वाईटच.’’

आबा हसले. ‘‘बारावीला तू एकदा पडला होतास रे. वाईट होतास का?’’

पोरगा गप्प झाला. आज तो आयटीआय करून एका कारखान्यात फिटर आहे आणि संध्याकाळी विहारात लहान मुलांचे गणित घेतो. परीक्षेचा निकाल खरा होता, तो कोणी नाकारला नाही. पण तो त्याचा शेवटचा निकाल नव्हता.

घरच्या मंडळींसाठी चार प्रश्न

मुले एखाद्या चित्रपटाच्या कोटींचे कौतुक करू लागली, तर त्यांना पुढील चार प्रश्न विचारावेत :

१. हा आकडा तिकीट खिडकीचा की निर्मात्याच्या हाती आलेला?
२. खर्चात जाहिरात धरली आहे का?
३. पहिल्या भागाच्या मानाने हा कमी की जास्त, आणि कोणत्या सालच्या पैशात?
४. आकडा सांगणाऱ्याचा त्यात स्वार्थ आहे का?

ज्या मुलाला हे चार प्रश्न विचारता आले, तो उद्या पतसंस्थेचा ताळेबंद वाचेल, ठेकेदाराच्या मजुरीच्या पावतीवर बोट ठेवेल आणि जयंती मंडळाच्या बैठकीत उभा राहून जमाखर्च मागेल. तेव्हा मात्र आपण मोठ्यांनी रागावू नये. वही त्याच्यापुढे उघडी ठेवावी.

(सूचना : चित्रपटात हिंसा व काही प्रौढ दृश्ये आहेत. लहान मुलांसोबत पाहण्याजोगा नाही. मोठ्यांनी पाहावा आणि त्यातील भिंतीची गोष्ट मुलांना आपल्या शब्दांत सांगावी.)

जयभीम!